हलक्या काँक्रीटची ताकद ओतण्याआधी सांगायची : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

आजपासून नोंदवही सुरू. प्रश्न एका ओळीचा आहे: मिक्सचं प्रमाण हातात आलं की क्यूब (चाचणीसाठी ओतलेला ठोकळा) २८ दिवसांनी किती मेगापास्कल दाबाला फुटेल, हे काँक्रीट ओतण्याआधी संगणकाच्या मॉडेलने सांगता येईल का? आज एखादं प्रमाण चुकलं तर ते महिन्याने कळतं. मग पुन्हा ओता, पुन्हा २८ दिवस थांबा.

साधं काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो भरतं. इमारतीच्या सांगाड्यात वापरायच्या हलक्या काँक्रीटसाठी एसीआय २१३ या अमेरिकन मार्गदर्शिकेत ११२० ते १९२० किलो हा पट्टा दिला आहे आणि २८ दिवसांची ताकद किमान १७ मेगापास्कल हवी. स्लॅबचं स्वतःचं वजन उतरलं की तुळई, खांब, पाया सगळ्यांचाच भार उतरतो. म्हणून या विषयात एवढा जीव गुंतला आहे.

साध्या काँक्रीटसाठी एक जुना आधार आहे. डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये मांडलं की पाणी-सिमेंट गुणोत्तर वाढलं की ताकद घटते, आणि ते आजही बऱ्याच अंशी खरं ठरतं. पण तिथे खडी दगडाची असते, मॉर्टरपेक्षा (सिमेंट, वाळू आणि पाण्याच्या मिश्रणापेक्षा) कितीतरी कणखर. आमची खडी म्हणजे फिरत्या भट्टीत ११०० ते १२०० अंशांवर भाजून फुगवलेल्या मातीचे गोळे. आत सगळी पोकळ जाळी. इथे कच्चा दुवा खडीच असू शकतो, त्यामुळे अब्राम्स यांच्या नियमावर एकट्यावर भागणार नाही.

फोम काँक्रीट या प्रकल्पातून बाहेर ठेवलं. त्यात खडीच नसते, सगळा खेळ बुडबुड्यांचा. दोन्ही एकाच तक्त्यात कोंबले तर मॉडेल दोघांच्या मधलं काहीतरी शिकेल आणि ते कोणाच्याच कामाचं नसेल.

११ जानेवारी

हात बसावा म्हणून आय-चेंग ये यांचा काँक्रीटचा प्रसिद्ध डेटा घेतला. १९९८ च्या त्यांच्या न्यूरल नेटवर्कच्या कामातला. १०३० ओळी, आठ इनपुट: सिमेंट, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी), फ्लाय अ‍ॅश, पाणी, सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यातही मिश्रण प्रवाही ठेवणारं रसायन), खडी, वाळू आणि वय. वय १ ते ३६५ दिवस. त्यात तंतोतंत सारख्या ओळीही आहेत, त्या आधी काढल्या. रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णय-झाडांची सरासरी घेणारं मॉडेल) लावलं, निकाल झकास.

मग उत्सुकतेपोटी त्याच मॉडेलला आमचं हलकं मिक्स दिलं. त्याने साध्या काँक्रीटचाच आकडा दिला, अगदी ठामपणे. कारण उघड आहे. त्या डेटात खडी कुठेही घनमीटरला ८०० किलोच्या खाली जात नाही. आमच्या मिक्समध्ये ती ५२० किलो. झाडांवर चालणारं मॉडेल पाहिलेल्या हद्दीबाहेर जाऊ शकत नाही. ५२० दिले तरी ते ८०० च्या शेवटच्या फांदीवर जाऊन बसतं. आणि आपण हद्दीबाहेर आहोत हे ते सांगतही नाही. या गोष्टीचा मी धसकाच घेतला आहे.

२० जानेवारी

चार दिवस नुसतं टायपिंग. प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतली मिक्सची कोष्टकं एकेक करून स्प्रेडशीटमध्ये उतरवली, लॅबमधले जुने निकालही घातले. साडेतीनशेच्या आसपास ओळी झाल्या. प्रत्येक ओळीला दोन खुणा लावल्या: मिक्स क्रमांक आणि स्रोत क्रमांक. तेव्हा फक्त नीटनेटकेपणा म्हणून लावल्या.

२४ जानेवारी

आज खरं काम झालं. कोष्टकांतले आकडे विश्वासाचे आहेत का, हे बघायची एक साधी चाळणी सापडली: सगळ्या घटकांचं आकारमान मिळून एक घनमीटर, म्हणजे १००० लिटर, भरलंच पाहिजे.

आमचं मिक्स ‘अ’ घेते. सिमेंट ४०० किलो, घनता लिटरला ३.१५ किलो, म्हणजे १२७ लिटर. मोकळं पाणी १८० लिटर. वाळू ६८० किलो, भागिले २.६५, म्हणजे २५७ लिटर. मातीचे गोळे कोरडे ५२० किलो, कणांची घनता १.२५, म्हणजे ४१६ लिटर. बेरीज ९८०. उरलेले २० लिटर म्हणजे २ टक्के हवा. हिशेब जुळला.

आता हाच हिशेब तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला लावला. काही ओळी थेट १३०० लिटरवर गेल्या. तिथे कणांच्या घनतेच्या रकान्यात ढिगाची घनता, म्हणजे मधल्या रिकाम्या जागेसकटची, लिहिलेली होती. आमच्याच मिक्समध्ये १.२५ ऐवजी ०.७० लिहिलं तर गोळेच ७४३ लिटर होतात. एक घनमीटरच्या पेटीत १३०७ लिटर माल कसा मावेल?

काही ओळी १०३० च्या घरात अडकल्या. त्या जास्त फसव्या, कारण चूक लहान दिसते. तिथे वजन भिजलेल्या गोळ्यांचं आणि घनता कोरड्या गोळ्यांची होती. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर, एकत्र आणले की चूक.

मूळ माहितीवरून दुरुस्त करता आल्या त्या ओळी दुरुस्त केल्या. बाकीच्या काढल्या, जिवावर आलं तरी.

२७ जानेवारी

पाणी. या एका रकान्यावर अख्खा दिवस गेला, आणि तो जायलाच हवा होता.

दगडी खडी सहसा वजनाच्या दोन टक्क्यांहून कमी पाणी पिते. हलकी खडी २४ तासांत ५ ते २५ टक्के, कधी त्याहूनही जास्त. आमचे गोळे १२ टक्के पितात. म्हणजे ५२० किलोंच्या पोटात ६२ किलो पाणी. मिक्स ‘अ’ मध्ये मोकळं पाणी धरलं तर पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५. पोटातलं पाणीही मोजलं तर २४२ भागिले ४००, म्हणजे ०.६१ च्या जवळ. काँक्रीट तेच, बादली तीच. साध्या काँक्रीटमध्ये ०.४५ आणि ०.६१ म्हणजे जमीन-अस्मानाचा फरक.

सिमेंटच्या लगद्याला जे मिळतं ते मोकळं पाणी. पोटातलं पाणी नंतर हळूहळू बाहेर येऊन आतून क्युरिंग करतं (सिमेंटला ओलं ठेवतं), तो फायदा वेगळा. तेव्हा ठरवलं: ‘मोकळं पाणी’ आणि ‘गोळ्यांनी प्यायलेलं पाणी’ असे दोन रकाने. जिथे नुसतं ‘पाणी’ लिहिलंय आणि कुठलं ते कळायला मार्ग नाही, ती ओळ बाद.

३० जानेवारी

क्यूब आणि सिलिंडर, चाचणीच्या नमुन्याचे दोन आकार. साध्या काँक्रीटमध्ये सिलिंडरची ताकद क्यूबच्या सुमारे ०.८ पट धरायची सवय असते. ईएन २०६ या युरोपीय मानकातले वर्ग (पहिला आकडा सिलिंडरचा, दुसरा क्यूबचा) बघितले तर साध्याचे सी २५/३० आणि सी ३०/३७, पण हलक्याचे एलसी २५/२८ आणि एलसी ३०/३३. म्हणजे हलक्या काँक्रीटमध्ये दोन्ही आकडे बरेच जवळ येतात, ०.९ च्या आसपास. मी नेहमीच्या ०.८ ने सरसकट बदल करून बसले होते. सगळं परत केलं.

३ फेब्रुवारी

पहिलं मॉडेल. ग्रेडियंट बूस्टिंग (छोटी झाडं एकापाठोपाठ शिकवायची पद्धत), ओळी फेटून ८० टक्के शिकायला, २० टक्के तपासायला. आर-स्क्वेअर (अंदाज किती जुळतो याचं माप, १ म्हणजे अचूक) ०.९३. सरांना लगेच कळवलं. रात्री झोप लागेना, इतका आनंद झाला.

४ फेब्रुवारी

आज तीन मिक्स ओतले, १५० मिलिमीटरचे क्यूब. ‘अ’ वर दिलेलं. ‘ब’ मध्ये सिमेंट ५०० किलो, मोकळं पाणी तेच १८०, गोळे तेच, वाळू ५९६ पर्यंत उतरवली, सुपरप्लास्टिसायझर थोडं वाढवलं. गुणोत्तर ०.३६. ‘क’ मध्ये वाळूचा बराचसा भाग हलक्या बारीक मालाने बदलला.

गोळे कालपासून भिजत घातले होते. चाळणीवर निथळून, कापडाने पुसून घेतले. ‘अ’ चा पहिला साचा मी भरला आणि व्हायब्रेटरवर नेहमीइतका वेळ ठेवला. लॅबमधल्या मामांनी हात धरला. “अगं, थांब. वर बघ काय येतंय.” तपकिरी गोळे एकेक करून पृष्ठभागावर येत होते, उकळी फुटल्यासारखे. दगडी खडी जास्त हलवली तर खाली बसते, हे वर तरंगतात. त्या साच्यातला माल काढून पुन्हा कालवला, बाकी सगळे क्यूब मामांच्या नजरेखाली भरले. मामांनी वेळ घड्याळावर मोजली नाही. कडेची चकाकी बघून ते बंद करायचे.

तक्त्यात ‘व्हायब्रेशन’ असा रकाना नाही. कोणत्याच संशोधनाच्या कोष्टकात तो मला दिसला नाही.

६ फेब्रुवारी

सरांनी एकच प्रश्न विचारला: “तपासणीच्या ओळीतला मिक्स शिकवणीत होता का?”

होता. एकाच मिक्सचा ७ दिवसांचा निकाल शिकवणीत आणि २८ दिवसांचा तपासणीत. फेटताना मी ओळी फेटल्या होत्या, मिक्स नव्हे. मॉडेलने त्या मिक्सची ओळख करून घेतली आणि वय वाढलं म्हणून थोडी ताकद वाढवली. यात अंदाज कुठला? पेपर आधी दाखवून घेतलेली परीक्षा ती.

वीस तारखेला लावलेल्या खुणा आज कामी आल्या. आधी मिक्सनुसार गट पाडले, एक मिक्स पूर्ण एकाच बाजूला. आर-स्क्वेअर ०.८१. मग स्रोतानुसार: एका लॅबचा सगळा डेटा बाजूला ठेवायचा, बाकीच्यांवर शिकायचं, आणि न पाहिलेल्या लॅबचं सांगायचं. ०.६२. चूक सरासरी दुपटीहून जास्त.

सरांना परत फोन केला. तीन तारखेचा आकडा मागे घेतला. वाईट वाटलं, पण खरा आकडा ०.६२ च आहे. नवी माती, नवी भट्टी, नवी लॅब समोर येणार तेव्हा मॉडेल एवढंच जाणत असेल. यापुढे याच मोजपट्टीवर मोजायचं.

११ फेब्रुवारी

७ दिवसांचे क्यूब फोडले. सरासरी: ‘अ’ २१, ‘ब’ २८, ‘क’ १५ मेगापास्कल.

फुटलेले तुकडे टेबलावर मांडून ठेवले. साध्या काँक्रीटमध्ये भेग खडीला वळसा घालून जाते आणि खडे अख्खे दिसतात. इथे वेगळंच. ‘अ’ च्या तुकड्यात काही गोळे अख्खे निखळलेले, त्यांच्या जागी मॉर्टरमध्ये गुळगुळीत वाट्या राहिलेल्या. काही मधोमध चिरलेले: बाहेर पातळ तांबूस कवच, आत काळपट जाळी. ‘ब’ च्या तुकड्यात एकही गोळा अख्खा नाही. सुरीने कापावेत तसे सगळे सपाट चिरलेले. मामा म्हणाले, “याचं सिमेंट जोरात आहे.” मी हो म्हटलं, फोटो काढले आणि २८ दिवसांची मांडणी करायला बसले.

साध्या सिमेंटमध्ये सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकद येते, असा ढोबळ हिशेब. त्या हिशेबाने ‘ब’ चाळिशीला टेकायला हवा.

१८ फेब्रुवारी

कोणता रकाना मॉडेलला महत्त्वाचा वाटतो ते शॅप पद्धतीने पाहिलं. पहिल्या क्रमांकावर सुकवलेली घनता. छान, पण थांबले. ही घनता कळते कधी? क्यूब तयार झाल्यावर, ओव्हनमध्ये सुकवून. ओतण्याआधी सांगायचं म्हणता आणि ओतल्यानंतरचं माप इनपुटला घेता, हे चालणार नाही. तो रकाना काढला. त्याऐवजी प्रमाणावरून हिशेबाने येणारी घनता, गोळ्यांच्या कणांची घनता आणि गोळ्यांचा आकारमानातला वाटा घातला.

मॉडेलवर दोन बंधनंही घातली: मोकळं पाणी-सिमेंट गुणोत्तर वाढलं तर अंदाज वाढता कामा नये, आणि वय वाढलं तर घटता कामा नये. सिमेंटवर बंधन घातलं नाही. का घातलं नाही ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं, मन धजावलं नाही इतकंच.

स्रोतनिहाय तपासणीत थोडी सुधारणा. सोबत गाउशियन प्रोसेसही चालवलं. डेटा लहान असल्यामुळे ते पेलवतं, आणि नुसता आकडा न देता किती खात्री आहे तेही सांगतं. अकरा जानेवारीच्या धसक्यावर हाच उतारा.

३ मार्च

उद्या २८ दिवस. अंदाज आजच शाईने लिहिते, म्हणजे नंतर हात फिरवायला नको. ‘अ’ २४ ते ३२, मध्य २८. ‘ब’ ३३ ते ४३, मध्य ३८. ‘क’ १५ ते २७, मध्य २१. ‘क’ चा पट्टा रुंद आहे, कारण हलकी वाळू असलेल्या ओळी फार थोड्या. ‘ब’ बद्दल माझं मतही मॉडेलसारखंच.

४ मार्च

‘अ’ २९. ‘क’ २०. ‘ब’ ३१.

‘ब’ चे तिन्ही क्यूब एकतीसच्या आसपास. एखादा खराब निघाला असता तर गोष्ट वेगळी. मशीनवर भार चढवण्याचा वेग तपासला, क्यूबचं वजन तपासलं, सगळं ठीक. शंभर किलो सिमेंट जास्त घालून ‘अ’ पेक्षा दोन मेगापास्कल, आणि सातव्या दिवसानंतर जेमतेम तीनची वाढ.

संध्याकाळी अकरा फेब्रुवारीचे फोटो उघडले. उत्तर तिथेच होतं, तीन आठवडे माझ्याच फोनमध्ये. ‘ब’ चे सगळे गोळे सातव्या दिवशीच चिरले होते. म्हणजे मॉर्टर तेव्हाच गोळ्यांच्या पुढे गेलं होतं. त्यानंतर ते कितीही कणखर होवो, भेग गोळ्यांतूनच जाणार. याला ताकदीचं छत म्हणतात, प्रत्येक हलक्या खडीचं आपापलं. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. डोळ्यांसमोर आलं तेव्हा ओळखलं नाही.

मामांचं वाक्यही बरोबरच होतं. सिमेंट जोरात होतं. गोळे नव्हते.

१० मार्च

मॉडेल का चुकलं ते शोधलं. तक्त्यात इतके हलके गोळे आणि इतकं घट्ट मॉर्टर एकत्र असलेल्या ओळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्याही एकाच स्रोतातल्या. घट्ट मॉर्टरच्या बाकी सगळ्या ओळींत गोळे जड. मॉडेल शिकलं की गुणोत्तर उतरलं की ताकद चढते. आकडा न बघता बंधनं बघितली तर त्यात काहीच गैर नव्हतं. गाउशियन प्रोसेसने इथे पट्टा रुंद करायला हवा होता. पण दोन्ही रकाने वेगवेगळे पाहिले तर ओळखीचे होते, त्यांची जोडी अनोळखी होती. म्हणून मिक्स पाहिलेल्या हद्दीत आहे का, ही तपासणी आता जोडीने करते: गोळ्यांची घनता आणि गुणोत्तर एका आलेखावर मांडून नवा मिक्स गर्दीत पडतो की मोकळ्यात, ते बघायचं.

इनपुटमध्ये एक नवा रकाना: याच गुणोत्तराचं मॉर्टर, गोळे नसताना, किती ताकदीचं झालं असतं याचा अंदाज. तो साध्या मॉर्टरच्या डेटावरून वेगळा शिकवला. मग मॉडेलसमोर दोन बाजू स्पष्ट येतात, मॉर्टर केवढं आणि गोळे केवढे.

आमच्या स्वतःच्या क्यूबसाठी आणखी एक नोंद सुरू केली: फुटलेल्या तोंडावर शंभरातले किती गोळे चिरले. ही इनपुटला जाणार नाही, ओतण्याआधी ती असतच नाही. पण सातव्या दिवशी छत जवळ आलंय का, ते ती सांगते.

१८ मार्च

छताचं म्हणणं खरं असेल तर त्याची परीक्षा सोपी आहे. मॉर्टर ‘ब’ चंच ठेवायचं, फक्त गोळे जड घ्यायचे. मिक्स ‘ड’: कणांची घनता १.४५, तेच ४१६ लिटर, म्हणजे ६०३ किलो. ताज्या मिक्सचं वजन, गोळ्यांच्या पोटातलं पाणी सोडून, ‘ब’ मध्ये घनमीटरला १७९६ किलो होतं, ‘ड’ मध्ये १८७९. अंदाज शाईने: ३३ ते ४१, मध्य ३७. साचे मी भरले. मामा बाजूला उभे होते, हात धरावा लागला नाही.

२५ मार्च

‘ड’ सात दिवस: २८. ‘ब’ इतकाच! पण तुकडे बघितले. जवळजवळ अर्धे गोळे अख्खे निखळलेले, वाट्या स्वच्छ. मॉडेलचा अंदाज बदलला नाही, माझा धीर मात्र वाढला.

१५ एप्रिल

‘ड’ ३८, ३६, ३७. आता बहुतेक गोळे चिरलेले.

मामांनी तीन तुकडे उचलून ‘ब’ च्या तुकड्यांशेजारी ठेवले आणि दोन्ही हातांत एकेक घेऊन वजन तोलून बघितलं. “फरक लागतोय हाताला,” म्हणाले. घनमीटरला ८३ किलो जास्त, त्या बदल्यात सहा मेगापास्कल. हा व्यवहार परवडतो की नाही ते स्लॅबच्या गाळ्यावर (आधारांमधल्या अंतरावर) ठरेल, म्हणून उद्यापासून मॉडेलला ताकद आणि वजन दोन्ही एकदम विचारायचे. ‘इ’ आणि ‘फ’ साठी त्याने सुचवलेली जोडी त्या आलेखात अगदी मोकळ्या जागेत पडते. गोळे भिजत घातले आहेत.